विशेष गरजा असलेल्या मुलांच्या स्थानिक सेवा सुधारताना या चुका टाळा

सेवा सुधारायच्या म्हटले की आणखी तज्ज्ञ द्या, आणखी साधने द्या, ही मागणी सगळ्यात आधी येते. मागणी रास्तच आहे. पण विशेष शिक्षिका म्हणून काम करताना मला पुन्हा पुन्हा दिसले ते असे, की मुलाचे नुकसान बहुतेक वेळा दोन सेवांच्या मधल्या फटीत होते. तपासणी केंद्राने आपले काम केलेले असते, शाळेनेही आपले केलेले असते, तरी मूल होते तिथेच राहते.

साधन दिले की काम संपले असे समजणे

दुसरीतल्या एका मुलीच्या नावापुढे शेरा होता, 'श्रवणयंत्र वापरत नाही.' तिच्या शेजारी बसून मी यंत्र लावून पाहिले. तिने मान वळवली की बारीक शिट्टी वाजायची. यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला होता. मुलांचे कान वाढतात, त्यामुळे लहान वयात साचा दर काही महिन्यांनी नवा घ्यावा लागतो. साचा सैल पडला की आतला आवाज बाहेर निसटतो, परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की वर्ग हसायचा, म्हणून ती यंत्र दप्तरात ठेवून द्यायची. ज्यांनी यंत्र दिले त्यांच्या नोंदीत 'वाटप पूर्ण', शाळेच्या नोंदीत 'मूल हट्टी'. साचा कोणी बदलायचा, हे कोणाच्याच कागदावर नव्हते.

म्हणून साधन हातात पडेल त्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घ्या. रोज सकाळी ते कोण तपासणार, बिघडले तर कुठे न्यायचे आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत मुलाचे काय. चाकाच्या खुर्चीला, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरला, चष्म्यालाही हेच लागू. आणखी एक, यंत्र उत्तम चालत असले तरी साधारण एक-दोन मीटरच्या पलीकडचे बोलणे त्यातून स्पष्ट येत नाही. फळ्याकडे तोंड करून बोललेले तर मागच्या बाकापर्यंत पोचतच नाही. या मुलांना पुढे बसवा आणि त्यांच्याकडे बघून बोला.

निदानाची वाट बघत बसणे

तपासणीची तारीख लांबची मिळते आणि तोवर 'रिपोर्ट येऊ द्या' म्हणत वर्गात काहीच बदलत नाही. सात वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे अर्धी इयत्ता. आधी नजर आणि ऐकणे तपासून घ्या, कारण वाचनातली अडचण कधी कधी तिथेच सापडते. मग एका वेळी एकच सूचना द्या, दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावा, लिहायला जास्त वेळ द्या, काही उत्तरे तोंडी घ्या. पुढे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अक्षमता, निघो वा न निघो, यातले काहीच वाया जात नाही. काय केले, किती दिवस केले, फरक काय पडला, हे तारखेसह लिहून ठेवा. तपासणीच्या दिवशी तज्ज्ञांना त्याचा फार उपयोग होतो.

आईला प्रत्येक दारात पहिल्यापासून सांगायला लावणे

बाळंतपणापासूनची तीच हकिगत तज्ज्ञाला, नव्या शिक्षकाला, मग पुढच्या शाळेला. सांगून सांगून थकलेल्या आया मी पाहिल्या आहेत. मुलाची एक पानाची ओळख तयार करा. त्याला काय आवडते, कशाने घाबरते, काय जमते, मदत कशी करायची, एवढेच. पालकांच्या संमतीने ते पान मुलाबरोबर पुढे जाऊ द्या. आणि फोन कोणाला करायचा, ते एकच नाव पालकांकडे असू द्या.

थेरपी वर्गाच्या बाहेरच ठेवणे

गणिताच्या तासातून उठवून मुलाला स्पीच थेरपीला नेले, तर उच्चार सुधारतात आणि गणित मागे पडते. शिवाय थेरपिस्टच्या खोलीत आलेला शब्द वर्गात वापरला गेला नाही तर तो टिकत नाही. त्या आठवड्याचे शब्द शिक्षकांच्या हाती द्या, दिवसातून चार वेळा ते बोलायला लावतील अशी जागा शोधा.

चुकीचे मोजणे

शिबिरे किती झाली, प्रशिक्षणे किती झाली, साधने किती वाटली, हे मोजायला सोपे असते. मूल महिन्यातले किती दिवस आले, कितीदा लवकर घरी पाठवले गेले, सहलीला नेले का, हे मोजा. लवकर घरी पाठवणे तर हजेरीपटावर दिसतही नाही, म्हणून त्याची वेगळी वही ठेवा.

मुलालाच न विचारणे

मला सगळ्यात जास्त खुपते ती ही चूक. आपल्याविषयीच्या निर्णयांत आपले मत मांडण्याचा मुलाचा हक्क १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, कलम १२ मध्ये आहे. २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, कलम ७ मध्ये, त्यासाठी मुलाला वयाला आणि अक्षमतेला साजेशी मदत मिळाली पाहिजे असेही म्हटले आहे. तरीही बैठकीत सगळे बोलतात आणि मूल बाहेर बाकावर बसलेले असते.

बोलता न येणाऱ्या मुलाला विचारायचे कसे? आम्ही चित्रे वापरली. चटईच्या एका बाजूला 'आवडते', दुसऱ्या बाजूला 'नावडते'. पाणी, डबा, चित्रकला, घंटा, एकेक कार्ड त्या मुलाने लावले. मदतनीस ताईंचा फोटो त्याने वर्गाच्या चित्राशेजारी, आवडत्या बाजूला ठेवला. मधल्या सुट्टीचे चित्र समोर आले तेव्हा तोच फोटो उचलून पलीकडे सरकवला. ताई सतत शेजारी असल्यामुळे सुट्टीत कोणी त्याच्याजवळ येत नव्हते, आणि आम्ही तर सुट्टीतही ताई असाव्यात म्हणून अर्ज लिहीत होतो. दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत ताई दिसतील एवढ्या अंतरावर, भिंतीपाशी उभ्या राहू लागल्या. त्याच आठवड्यात दोन मुलांनी त्याच्या हातात चेंडू दिला.