छोट्या ट्रॅक्टर बॅकहोने घराचं खोदकाम करताय? या चुका टाळा

गावठाणातल्या बोळात किंवा दोन घरांच्या मधल्या अरुंद प्लॉटवर घर बांधायचं ठरलं की मोठा जेसीबी आत शिरत नाही. शिरला तरी वळत नाही, आणि वळला तर कुणाचं तरी कुंपण घेऊन जातो. अशा जागी वीस-तीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर, मागे बॅकहो (खोदणारा लांब हात) आणि पुढे लोडर (माती उचलणारं बकेट), ही जोडी फार कामाची आहे. फुटिंगचे (कॉलमखालच्या पायाचे) खड्डे, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजची चर, नळाची लाइन, सगळं तिच्याकडून होतं.

मात्र वजनातला फरक डोक्यात पक्का ठेवा. मोठा बॅकहो लोडर साडेसात-आठ टनांचा असतो, तर छोटा ट्रॅक्टर सगळ्या साहित्यासकट दोन टनांच्या आसपास. मोठं यंत्र वजनाच्या जोरावर ऑपरेटरच्या बऱ्याच चुका पचवतं. छोट्याला ते जमत नाही. ते ज्या जमिनीवर उभं असतं, तीच जमीन पोखरत असतं. ती जमीन किती भार घेईल आणि कुठून सुटेल, हे विसरलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

जमीन न तपासता यंत्र बोलावणं

आपल्याकडे एकाच गावात नदीकाठी आठ फूट काळी माती आणि माळावर दीड फुटावर पाषाण असतो. काळी माती छोटं बकेट लोण्यासारखी कापतं. मुरूम कच्चा असेल तर निघतो, पक्का असेल तर वेळ खातो. काळा पाषाण किंवा कोकणातला घट्ट जांभा लागला, तर हे यंत्र तिथे चालत नाही. बकेटचे दात दगडावर नुसते पांढरे ओरखडे काढतात आणि ट्रॅक्टरचं बूड वर उचललं जातं. तिथे थांबायचं. अनेक जण थांबत नाहीत. बकेट दगडात अडकवून ट्रॅक्टरला गिअर टाकून ओढतात, किंवा बूम (बॅकहोचा मुख्य हात) वरून आपटतात. त्यात पिन वाकते, बूमला वेल्डिंगजवळ चीर जाते आणि दगड जागचा हलत नाही. तेवढ्या कामापुरतं ब्रेकर लावलेलं मोठं यंत्र आणा. ते आत येत नसेल तर हाताने चालणारा ब्रेकर भाड्याने घ्या.

म्हणून आधी एक चाचणी खड्डा घ्या. सेप्टिक टँक जिथे येणार आहे तिथेच घेतला तर तो वाया जात नाही. फक्त टँकचं पाणी जिरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर लांब हवा, हे जागा ठरवतानाच बघा. भारतीय मानकात ही अंतरं दिलेली आहेत.

खोलीचाही हिशेब करून ठेवा. छोटे बॅकहो साधारण सहा ते आठ फूट खोल जातात. पण कंपनीच्या कागदावरची खोली म्हणजे बूम पूर्ण खाली गेल्यावर दात जिथे टेकतात तो बिंदू. सपाट तळ हवा असेल तर त्याहून कमीच खोली मिळते. सात फूट काळी माती काढून खालच्या मुरमावर फुटिंग बसवायचं असेल, तर सात फुटांचं यंत्र पुरत नाही.

बॅकहो कशावर बसवलाय हे न बघणं

काही ठिकाणी बॅकहो नुसता थ्री-पॉइंट लिंकेजला (ट्रॅक्टरमागच्या अवजारं जोडायच्या आर्मना) अडकवलेला असतो. ही जोडणी नांगर-रोटाव्हेटरसाठी आहे. खोदताना बसणारा सगळा उलटा जोर त्या दोन आर्मवर आणि ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर येतो. जोर जास्त झाला की बॅकहो वर दुमडून ऑपरेटरच्या अंगावर येऊ शकतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी सबफ्रेम (लोखंडी चौकट) असलेलंच यंत्र घ्या. भाड्याने घेताना वाकून खाली बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती घालवाच.

साइटवर येता-जाताना बूम आणि स्विंग (बूम डावीकडे-उजवीकडे फिरवणारा सांधा) या दोन्हींच्या लॉक पिन लावलेल्या हव्यात. मागे वजन असल्यामुळे पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग धरत नाही, म्हणून गाडी सावकाश चालवायची.

क्रम न ठरवता पहिला खड्डा घेणं

लाइनआउट (जमिनीवर खड्ड्यांची आखणी) झालं, चुन्याची फक्की मारली, आणि ऑपरेटरने रस्त्याकडच्या खड्ड्यापासून सुरुवात केली. का, तर तो जवळ होता! तीन खड्डे झाल्यावर मागे जायला वाट उरत नाही. मग खड्डा बुजवून ट्रॅक्टर पुढे न्यायचा आणि तोच खड्डा पुन्हा उकरायचा, असा दुप्पट खर्च होतो. शिवाय एकदा बुजवलेल्या खड्ड्यावर ट्रॅक्टरचं चाक टेकवणं धोक्याचं.

प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरू करून रस्त्याकडे येत जायचं. प्रत्येक खड्ड्याची माती कुठे पडणार, हे आधी ठरवायचं. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा पाच बाय पाच फुटांचे, सहा फूट खोल नऊ खड्डे आहेत. एक खड्डा 150 घनफुटांचा, म्हणजे दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). नऊ खड्ड्यांचे साडेतेरा ब्रास. पण निघालेली माती फुगते. तीस टक्के धरा, म्हणजे साडेसतरा ब्रासचा ढीग झाला. तीन-चार गुंठ्यांच्या प्लॉटवर तो ठेवायला जागा आहे का? नसेल तर त्याच दिवशी ट्रॉली लावायला हवी.

माती काढताना काळी माती आणि मुरूम यांचे ढीग वेगळे करून घ्या. मुरूम प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावाला उपयोगी पडतो. काळी माती प्लिंथमध्ये अजिबात घालू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत फरशी खालीवर होऊन भिंतीला तडे जातात. ऑपरेटरला सांगितलं नाही तर तो सगळं एकाच ढिगात टाकणार. त्याचं मीटर चालू असतं, त्याला दोष देता येत नाही.

कडेवर भार टाकणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जमिनीत असलेली एक ब्रास माती साडेचार-पाच टनांची असते. म्हणजे एका खड्ड्याची माती कडेलाच टाकली, तर तीन छोटे ट्रॅक्टर त्या कडेवर उभे केल्यासारखं झालं. वर पुन्हा यंत्राचे जॅक (खोदताना दोन्ही बाजूंना टेकवायचे पाय) त्याच कडेवर रोवलेले आणि खाली बिगारी तळ साफ करायला उतरलेला. कड सुटली तर त्याला वर यायला वेळ मिळत नाही. कमरेएवढी माती अंगावर आली तरी माणूस स्वतःहून निघू शकत नाही. छातीपर्यंत आली तर श्वास कोंडतो.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत याची साधी मापं आहेत. काढलेली माती खड्ड्याच्या कडेपासून किमान दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त असेल तिथे टाकायची. दीड मीटर किंवा त्याहून खोल चरीच्या बाजू उतरत्या कापायच्या, नाहीतर फळ्या-वाशांचा आधार द्यायचा. चर 1.2 मीटरपेक्षा खोल असेल तर आत शिडी हवी. आणि वरची माती तशीच ठेवून खालून पोखरायचं कधीच नाही. हे सरकारी कामाचे नियम म्हणून घराच्या कामात सोडून देऊ नका. माती दोन्हीकडे सारखीच ढासळते.

कड सुटायच्या आधी बऱ्याचदा खुणा दिसतात, फक्त बघायची सवय हवी. कडेपासून दोन-तीन फुटांवर, कडेला समांतर अशी केसासारखी बारीक भेग पडते. अर्ध्या तासाने तिच्यात बोट जातं. खड्ड्याच्या भिंतीवरून बारीक ढेकळं आपोआप निसटायला लागतात. भिंतीचा मधला भाग किंचित पुढे आल्यासारखा दिसतो. यातलं काहीही दिसलं की आधी माणूस बाहेर, मग यंत्र मागे. पण काळी माती कित्येकदा काहीच न दाखवता ढासळते, म्हणून भेग नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नका.

जॅकखाली जाड फळी किंवा स्लीपर द्या. नुसत्या जॅकचा छोटा पाय ओल्या मातीत रुततो, एका बाजूचा जास्त रुतला की ट्रॅक्टर कलतो, आणि त्याच बाजूला भरलेलं बकेट फिरवलं की उलटतो. उतारावर काम असेल तर माती चढाच्या बाजूला टाका. जॅकच्या बुडाखालची माती ओढून घ्यायचा मोह चर खोदताना फार होतो. बकेट पोहोचतं म्हणून तिथे खोदू नका, ट्रॅक्टर पुढे घ्या.

तळाची घाई

बकेटच्या दातांनी तळ कधीच नीट होत नाही. तो विस्कटतो, सैल होतो. म्हणून शेवटचे सहा इंच यंत्राने काढायचे नाहीत. ते पीसीसीच्या (फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी टिकाव-फावड्याने काढायचे. महिनाभर आधी पूर्ण खोदून ठेवलेला खड्डा उन्हाने भेगाळतो, आणि वळवाचा पाऊस आला तर तळाचा चिखल होतो. पाणी उपसून लगेच पीसीसी टाकू नका. मऊ झालेला थर खरवडून काढा.

मापापेक्षा जास्त खोदलं गेलं, तर वरून माती टाकून लेव्हल करायची नाही. जेवढं जास्त गेलं तेवढं पीसीसीने भरायचं. चार पोती सिमेंट वाचवायला ठेकेदार मुरूम टाकून पाणी मारतो आणि वरून सगळं सारखं दिसतं. अशा वेळी घरमालकाने तिथे हजर असायला हवं.

ड्रेनेजच्या चरीला उतार लागतो. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक, म्हणजे तीस फुटांत नऊ इंच. ऑपरेटरचा अंदाज कितीही चांगला असला तरी दर दहा फुटांवर लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावा.

शेजार, तारा आणि जमिनीखालचं

गावठाणातल्या जुन्या घरांचे पाये दोन-तीन फुटांवर संपतात. त्याला लागून तुम्ही सहा फूट खोदलं, तर शेजाऱ्याच्या पायाखालची माती तुमच्या खड्ड्यात येणार. त्याच्या पायाच्या तळापासून तुमच्या बाजूला 45 अंशांची तिरकी रेघ मनात काढा. तुमचा खड्डा त्या रेघेच्या खाली जात असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय बकेट लावू नका. अशी चर एका दमात न खोदता तुकड्यातुकड्याने खोदून भरत न्यावी लागते. शेजाऱ्याच्या भिंतीचे फोटो त्याच्यासमोरच, काम सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा. जुना तडा कुठला आणि नवा कुठला, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध तुटतात.

विजेची लो-टेन्शन केबल मानकाप्रमाणे पाऊण मीटर खोल असते, पण वर भराव किंवा रस्त्याचं काम झालं असेल तर ती कुठेही सापडते. शहरात गॅसची लाइन असू शकते. महावितरण, पाणीपुरवठा आणि गॅस कंपनी यांना आधी विचारा. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅपही आणलं आहे. संशय असलेल्या जागी पहिले तीन फूट हातानेच खोदा. आणि वर बघा. बूम दुमडतानाच सगळ्यात उंच जातो, आणि ऑपरेटरचं लक्ष त्या वेळी खाली असतं. वर तारा असतील तर एक माणूस फक्त तारांकडे बघायला उभा करा.

यंत्र कुरकुरत असेल तर

ट्रॅक्टर खड्ड्याकडे ओढला जात असेल तर पुढचं बकेट जमिनीत दाबलेलं नाही, किंवा जॅक नीट टेकलेले नाहीत. मागची चाकं जॅकवर उचलून पूर्ण अधांतरी करू नका, ती जमिनीला टेकलेली असली की पकड राहते.

बकेट अडकून शिट्टीसारखा आवाज आला, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडलाय. याचा अर्थ एवढाच की घास मोठा घेतलाय. लिव्हर सोडा आणि पातळ थर काढा. तो व्हॉल्व्ह आवळून प्रेशर वाढवायचा सल्ला देणारे मिस्त्री भेटतील. ऐकू नका, पुढचा खर्च पंपाचा किंवा सिलिंडरचा असतो.

सकाळी जोर असतो आणि दुपारी यंत्र मंदावतं, ही तक्रार मे महिन्यात नेहमीची. हायड्रॉलिक तेल तापून पातळ झालेलं असतं. पातळी बघा, फिल्टर बघा, आणि थोडा वेळ विश्रांती द्या. तेलात फेस दिसला आणि बूम झटके देत चालला, तर सक्शनच्या पाइपातून हवा ओढली जातेय. इंजिन बंद करून वर उचललेला बूम हळूहळू खाली येत असेल, तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. दुरुस्ती होईपर्यंत त्या बूमखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

होज गळतेय असं वाटलं तर हात लावून शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीतून आत शिरतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण तिला तातडीची शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठा फिरवून बघा.

माती बाजूला सारायला बूम झाडूसारखा डावीकडे-उजवीकडे ढकलू नका, स्विंगच्या पिन-बुश त्यानेच ढिल्या होतात. आणि ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी.

माती बाहेर नेताना

खोदलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर तिच्यावर रॉयल्टी लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात 2014 मध्ये दिला. बाहेर नेणार असाल तर गोष्ट वेगळी. माती-मुरूम हे गौण खनिज आहे. विनापरवाना वाहतुकीला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन अडकतं ते वेगळंच. तहसील कार्यालयातून आधी परवानगी घ्या. ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा फक्त शेतीच्या कामाचा आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

फुटिंग आणि कॉलम झाल्यावर खड्डे बुजवायला परत हेच यंत्र येतं, आणि पुढच्या बकेटने सगळी माती एकदम लोटतं. ओल्या काँक्रीटच्या कॉलमवर एका बाजूने माती आली तर तो हलतो. काँक्रीटला पुरेसे दिवस द्या. मग कॉलमच्या चारही बाजूंनी सारखे, आठ-नऊ इंचांचे थर टाका आणि प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा. यंत्र माती फक्त जवळ आणून देईल, खड्ड्यात ती माणसांनीच ओढायची.