साथ चालू आहे आणि मॅचला जायचंय? मग आधी हे उरकून घ्या

तिकीट काढायच्या आधी रिफंडचे नियम वाचा, आणि नीट वाचा, कारण मॅच रद्द होणं, पुढे ढकलणं आणि प्रेक्षकांविना होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पैसे परत मिळायचे नियमही तिन्हींना वेगळे असू शकतात. टोकियो ऑलिम्पिकचंच बघा, आधी २०२० चं २०२१ वर गेलं आणि मग बहुतेक सगळं रिकाम्या स्टेडियममध्ये झालं. चौथी शक्यता कुणी धरतच नाही, ती म्हणजे मॅच व्यवस्थित होतेय पण ताप तुम्हालाच आलाय. तेव्हा तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येईल का हे आधीच बघून ठेवा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण पैसे अडकलेला माणूस अंगात कणकण असली तरी गोळी घेऊन जातोच आणि शेजारच्या चौघांना देऊन येतो.

बाहेरगावी जाणार असाल तर हॉटेल आणि प्रवास रद्द करता येईल असाच घ्या. सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीमुळे २००३ चा महिला फुटबॉल वर्ल्ड कप चीनमधून थेट अमेरिकेत गेला होता, म्हणजे तारीख सोडा, देशच बदलला!

मग साथ कसली आहे ते बघा, त्यावर बॅगेत काय टाकायचं ते ठरतं. फ्लू-कोविड असेल तर चांगला घट्ट बसणारा मास्क. गोवराची साथ असेल तर लस झालीये का ते आधी तपासा, राहिली असेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या, कारण गोवराचा पेशंट निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. उलट्या-जुलाबवाला नोरोव्हायरस असेल तर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, साबणाची छोटी वडी किंवा पेपर सोप ठेवा (२०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये याच नोरोव्हायरसमुळे सिक्युरिटीचे शेकडो लोक बाजूला काढून सैनिक आणावे लागले होते).

सगळे सीटची काळजी करतात, पण खरी चेंगराचेंगरी गेटवर, टॉयलेटच्या लाईनीत आणि येता-जाता गाडीत असते. १९ फेब्रुवारी २०२० ला अटालांटा (इटलीतल्या बेर्गामो शहराचा फुटबॉल क्लब) विरुद्ध व्हॅलेन्सिया मॅचसाठी बेर्गामोहून चाळीसेक हजार लोक मिलानला गेले, बसा-ट्रेन भरून, वाटेत एकत्र खात-पीत, जिंकल्यावर गळ्यात गळे घालून, आणि एक-दोन दिवसांतच इटलीत कोविडच्या स्थानिक लागणीची पहिली बातमी आली. पुढे बेर्गामोत कोविडने जो कहर केला त्याचं सगळं खापर त्या एका मॅचवर फोडणं बरोबर नाही, पण तेव्हापासून मी तरी गेट उघडताच आत जायचं आणि शेवटी गर्दी ओसरल्यावर निघायचं या मताचा आहे.

परतीची सोय हाताशी ठेवा. ११ मार्च २०२० ला ओक्लाहोमा सिटीत लोक सीटवर बसलेले, खेळाडू कोर्टवर, आणि सुरू व्हायच्या ऐन वेळी एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मॅच कोविडमुळे थांबवली. दोन दिवसांनी मेलबर्नला फॉर्म्युला वनचं तेच, प्रेक्षक गेटबाहेर ताटकळत आणि रेस रद्द.

घरी आल्यावर तिकीट टाकून देऊ नका, स्टँड आणि सीट नंबरचा फोटो काढून ठेवा. ८ मार्च २०२० च्या महिला टी२० वर्ल्ड कप फायनलला मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर ८६,१७४ प्रेक्षक होते, त्यातला एक नंतर कोविड पॉझिटिव्ह निघाला आणि तो कुठल्या भागात बसला होता ते जाहीर करावं लागलं. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर पुढचे काही दिवस जरा लांबूनच, आणि ताप आला तर डॉक्टरांना मॅचला गेलो होतो हे स्वतःहून सांगा.