खिशात व्हर्निअर होता, तरी कार्ड मोजलं नाही

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मी अकरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. माप जरा इकडेतिकडे झालं की पीस रिजेक्ट. आणि 2021 मध्ये याच माणसाने 42,000 रुपयांचं बेसबॉल कार्ड घेतलं, ते न मोजता. जुन्या स्पोर्ट्‌स कार्डांत पैसे घालू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी लिहितोय. ग्रेडिंग (कंपनी कार्ड तपासून 10 पैकी आकडा देते) आणि रुकी कार्ड (खेळाडूचं पहिलं कार्ड), एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

कार्ड होतं 1968 चं, टॉप्स कंपनीचं, बेसबॉलपटू नोलन रायनचं रुकी. त्यावर जेरी कूझमनही आहे, दोघांत मिळून एकच कार्ड. न्यू जर्सीतल्या मावसभावाने एका शोमधून घेतलं. (बडोद्यात ज्यांचं न्यू जर्सीत कोणी नाही असं घर शोधूनच काढावं लागेल.) त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा मी कोपऱ्यांवरच भाळलो. चारही कोपरे करकरीत. पाठ थोडी मळलेली, पुढे एक बारीक सुरकुती, उजवीकडची गोणपाटासारखी बॉर्डर डावीपेक्षा अरुंद. मी म्हटलं, सेंटरिंग सरकलंय, म्हणजे चित्र मधोमध नाही, चालतंय.

चालत नव्हतं. जे कार्ड मळण्याइतकं, सुरकुती पडण्याइतकं हाताळलं गेलं, त्याचे कोपरे कोरे कसे राहतील? कुणीतरी झिजलेली कड ब्लेडने तासली होती. ग्रेडिंगला पाठवलं तर आकडा मिळालाच नाही, कार्डात फेरफार आहे असा शेरा घेऊन परत आलं. फी गेली, कुरिअर गेलं, आणि भावाशी दोन महिने धड बोललो नाही, ते वेगळंच. चूक त्याची नव्हती.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण नवा माणूस खोट्या कार्डाला घाबरतो आणि अस्सल पण कापलेल्या कार्डात अडकतो. 1957 पासून टॉप्सचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे 63.5 बाय 88.9 मिलिमीटर. माझं भरलं 62.7 रुंद. पण नुसत्या मापावर जाऊ नका. कारखान्यातली कटिंगसुद्धा थोडी कमीजास्त असायची, आणि मुळात मोठं कापलं गेलेलं कार्ड तासून बरोबर मापात आणता येतं. म्हणून त्याच सेटमधली चारपाच साधी, स्वस्त कार्डं आधी घ्या. आपलं कार्ड त्यांच्या गठ्ठ्यात मधे ठेवा आणि बाजूने बोट फिरवा. एका जागी बोट आत गेलं तर थांबा. मग दहा पट भिंग घेऊन कड बघा. जुनी कड पाठीच्या रंगाशी जुळते, तिला कागदाचे तंतू सुटलेले असतात. नवी कड उजळ, गुळगुळीत, कधी किंचित लाटेसारखी. चार कडांपैकी एकच वेगळी वाटली की विक्रेता कितीही गोड बोलो, पैसे काढू नका. आमच्या शुक्रवारी बाजारातला नाण्यांवाला दर खेपेला ‘असल छे, साहेब’ म्हणतो. माझं कार्डही असलच होतं की!

घाबरवून सोडायचं नाहीये. या सापळ्यात मोठमोठे सापडलेत. 1909 ते 1911 दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी206 मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं सगळ्यांत गाजलेलं कार्ड आपण कापलं होतं, असं लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयात कबूल केलं. त्या कार्डाला ग्रेड मिळालेली होती, 10 पैकी 8. मग 62.7 वाल्याने किती रडायचं?

आता वाढेल काय. माझं मत असं की दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं आणि 1950 च्या दशकातलं, मोठ्या नावाचं, न छेडलेलं कार्ड, मग ग्रेड 2 किंवा 3 का असेना. 1952 च्या टॉप्समधलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. ते त्याचं रुकी नव्हे. रुकी 1951 चं, बोमन कंपनीचं. म्हणजे ‘रुकीच घ्या’ हा मंत्रही डोळे मिटून जपू नका. 1952 च्या त्या मालिकेचा न खपलेला माल टॉप्सने पुढे समुद्रात बुडवला. पेलेचं 1958 चं स्वीडिश कार्ड 2022 मध्ये 13 लाख डॉलरच्या वर गेलं. फुटबॉलचा ग्राहक जगभर आहे, म्हणून मला त्यात अजून दम दिसतो. आपल्या खिशाला ही कार्डं झेपणार नाहीत, पण टी206 मध्ये पाचशेवर कार्डं आहेत आणि सेट पुरा करणाऱ्यांना साधे खेळाडूही लागतात.

उलट उदाहरण बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं 1986 चं फ्लिअर कंपनीचं कार्ड. दहापैकी दहा ग्रेडचं जानेवारी 2021 मध्ये 7 लाख 38 हजार डॉलरला गेलं आणि वर्षभरात दोन लाखांच्या आसपास आलं. त्या ग्रेडची तीनशेहून जास्त कार्डं आहेत. मी बाजारात उतरलो तो नेमका याच लाटेवर. आणि 1987 ते 1993 चे सीलबंद डबे कुणी ‘जुने’ म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडा, तेव्हा छपाईला अंत नव्हता.

क्रिकेटचं विचाराल तर हात आखडता घ्या. विल्स या सिगारेट कंपनीचा 1896 चा पन्नास क्रिकेटपटूंचा सेट, प्लेअर्स या दुसऱ्या सिगारेट कंपनीचे 1930 ते 1938 चे सेट, ही कार्डं मला जीव की प्राण आहेत, पण अमेरिकेसारखा ग्राहक त्यांना नाही. विजय हजारे 288 आणि गुल महंमद 319, होळकर संघाविरुद्ध 577 ची भागीदारी, तीही इथे बडोद्यात, 1947 मध्ये. आमच्या आजोबांना तो स्कोअर जपासारखा पाठ होता. म्हणून उद्या हजारेंचं एखादं जुनं कार्ड हाती लागलं तर मी घेईन, विकायला मात्र नाही. ही दोन खाती वेगळी ठेवा.

प्लेअर्सच्या 1938 च्या कार्डांना मागे डिंक असतो, आल्बममध्ये चिकटवायला. आपल्या पावसाळ्यात तो आपोआप ओला होतो आणि दोन कार्डं जन्माची चिकटतात. प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची स्लीव्ह, डब्यात सिलिका जेल, आणि डबा वरच्या मजल्यावर. विश्वामित्रीचं पाणी कुठवर येतं ते सांगायला नको. लॅमिनेशन करू नका. आमच्या काकांनी रावपुऱ्यात दोन कार्डं करून आणली, तीही माझ्यावरच्या प्रेमापोटी.

गुरूबद्दल एकच. जो शिकवतो तोच विकत असेल तर तो गुरू नव्हे, सेल्समन. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘पुढच्या महिन्यात डबल’ म्हणणाऱ्याला त्याने स्वतः काय विकलं, कितीला, ते विचारा. मला दांडिया बाजारातल्या पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या एका आजोबांनी भिंग धरायला शिकवलं, कार्डांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

भाऊ डिसेंबरात येतोय. त्याला 1968 च्या सेटमधली दहा साधी कार्डं आणायला सांगितली आहेत, कुणाचीही चालतील. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये ताडून बघायला मास्टर पीस ठेवतात, तसा गठ्ठा करायचाय.