जाड फेंडरच्या पोटातली छिद्रं कशी गेली

अंबड एमआयडीसीत आम्ही धक्क्यांना आणि बोटींना लावायचे, धडक झेलणारे रबरी फेंडर करतो. नाशिकला समुद्र नाही, पण रबराला त्याचं काय! छोटे डी आकाराचे फेंडर छान निघायचे. जाड दंडगोल कापला की मात्र मध्यभागी स्पंजासारखी छिद्रं. वरून शोअर ए कडकपणा (रबराचा कडकपणा मोजायचं माप) मागितला तेवढाच भरायचा, त्यामुळे कापेपर्यंत पत्ताच लागत नसे.

अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर पिकवणारं (उष्णतेने पक्कं करणारं) रसायन वाढवा, असं जो तो सांगत होता. त्याने बाहेरचा थर आणखी लवकर पिकतो, पोट कच्चंच राहतं. रबरातून उष्णता फार हळू सरकते. म्हणून एका नगाच्या गाभ्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खुपसून ऑटोक्लेव्ह, म्हणजे रबर पिकवायची वाफेच्या दाबाची बंद टाकी, चालवला. वाफ १५० अंशांवर पोचली तरी गाभा कितीतरी मागे!

मग तापमान १३५ च्या आसपास आणलं, तेही टप्प्याटप्प्याने चढवत, आणि वेळ गाभ्याच्या आकड्यावरून ठरवली. खरी मेख दाबात होती. गाभा पिकण्याआधी वाफ सोडली की अडकलेली हवा आणि ओल फुगते. आता हवेचा दाब राखूनच माल थंड करतो, मग सावकाश सोडतो. पावसाळ्यात रबरात मिसळायची सिलिकाची पूड ओल धरते, म्हणून पोती कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर.

बॉयलरला इंधन जास्त लागतं, त्यावरून शेठ अजून कुरकुरतात. पण प्रत्येक बॅचमधला एक जादा तुकडा आडवा कापून गाभ्याचाही शोअर घेतो, आणि तो तुकडा त्यांच्याच टेबलावर ठेवतो.