टेम्पोवर पार्किंगचं चलन आलं? आधी फोटो उघडा

आमचे तीन टेम्पो मशीद बंदर, काळबादेवी, साकीनाका असे फिरतात. गाड्यांकडे नवरा बघतो आणि कागद माझ्याकडे. म्हणजे चलनंही माझ्याकडेच. दर दुसऱ्या दिवशी कोणीतरी सल्ला देतं, 'वहिनी, पाचशे तर आहेत, भरून टाका आणि मोकळ्या व्हा.' नो पार्किंगला २०२१च्या डिसेंबरपासून राज्यात पहिल्या वेळी पाचशे आणि त्यानंतर दर वेळी दीड हजार आहेत. आज चुकीचं चलन निमूट भरलं की पुढचं दीड हजाराचं समजा. शिवाय 'आधी भरा, मग तक्रार करा' हे तर साफ चूक आहे. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोड. पैसे गेले की प्रकरण मिटलं, मग भांडायला काही उरत नाही.

चलन बघायचं ते महाट्रॅफिकच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलन' म्हणून एखादी फाइल आली तर ती उघडू नका. तसल्या फायलींतून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

यादीत आधी गुन्ह्याचं नाव वाचा. नो पार्किंग, रहदारीला अडथळा आणि बंदीच्या वेळेत प्रवेश ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत, आणि मालवाहू गाडीवर तिन्ही येतात. प्रवेशबंदीच्या चलनाला 'मी पार्किंगमध्ये होतो' हे उत्तर देऊन उपयोग नाही. ही चूक आमच्या ड्रायव्हरने नाही, मीच केली होती.

आता फोटो. खरं काम इथेच आहे आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

माझी पहिली तक्रार दीड पानाची होती. पाऊस होता, हमाल उशिरा आले, माल भिजला असता, ड्रायव्हरचं पोर आजारी होतं, आम्ही कष्टाचं खातो, सगळं लिहिलं. एका ओळीत फेटाळली. मी रागाने चौकीत गेले तर तिथल्या हवालदाराने तक्रार वाचून शांतपणे विचारलं, 'ताई, गाडी तिथे उभी नव्हती असं यात कुठे लिहिलंय?' नव्हतंच लिहिलेलं. मी सगळं कबूल करून वर दया मागत होते.

तेव्हापासून फोटो मोठा करून चारच गोष्टी बघते. नंबरप्लेट पूर्ण वाचता येते का, आणि ती आपलीच आहे का? तीन आणि आठ, शून्य आणि सहा यांची गल्लत सर्रास होते. आमच्या पिवळ्या पाटीच्या टेम्पोवर एकदा पांढऱ्या पाटीच्या स्कूटरचं चलन आलं होतं. मालिकेतला एक आकडा वेगळा होता, बस. दुसरं म्हणजे मागची दुकानं, खांब, दिशा बघून जागा ओळखू येते का, आणि चलनावर लिहिलेला रस्ता तोच आहे का? तिसरी गोष्ट वेळेची. चलनावरची वेळ आणि फोटोतली वेळ दोन्ही बघा. आमच्या एका प्रकरणात चाळीस मिनिटांचा फरक होता आणि तेवढ्यात गाडी पार दुसऱ्या गल्लीत पोचली होती. चौथं, गाडी नक्की कशावर उभी आहे?

चौथ्यापाशी थांबा, कारण 'तिथे पाटीच नव्हती' हा मुंबईतला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात पोकळ बचाव आहे. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचं तोंड, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचं प्रवेशद्वार, कोणाच्या फाटकासमोर, उभ्या गाडीला लागून दुसरी रांग, यांतल्या कशालाही पाटी लागत नाही. फोटोत टेम्पो दुसऱ्या रांगेत दिसत असेल तर पैसे भरा आणि ड्रायव्हरला समजावा. माल उतरवत होतो, क्लिनर गाडीत बसला होता, ही कारणं मला मनापासून पटतात, पण त्याने चलन रद्द झालेलं मी पाहिलेलं नाही. पाटीचा मुद्दा तेव्हाच घ्या, जेव्हा रस्त्यावर खरोखर काही खूण नाही, किंवा सम-विषम तारखेची पाटी असून तुमची तारीख बरोबर होती. मग त्याच दिवशी जाऊन पाटीचा, किंवा मोकळ्या खांबाचा, फोटो काढा. महिनाभराने तिथे नवी पाटी लागलेली असते, मग कोण ऐकणार?

पुरावा त्या मिनिटाचा हवा, त्या दिवसाचा नाही. जीपीएसचा वेळेसहित नकाशा, गोदामाचा गेटपास किंवा पे अँड पार्कची पावती चालते. पावती उन्हात डॅशबोर्डवर ठेवली की पांढरी पडते, म्हणून ड्रायव्हरने हातात घेताक्षणी तिचा फोटो पाठवायचा, हा आमच्याकडे नियम आहे. दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा चहा घेऊन लगेच जा. टोलची नोंद मोठ्या गाडीला उपयोगी. हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवर २०२४च्या ऑक्टोबरपासून टोल माफ आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा आधार गेला.

तक्रार संकेतस्थळावर किंवा ॲपवरच करा. चार ओळी पुरतात: चलन क्रमांक, एकच मुद्दा, सोबतचा कागद, मागणी. दोन मुद्दे घातले की कमकुवत मुद्द्यावर उत्तर येतं. २०२५च्या जुलैत मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरोधात बंद केला, त्याच सुमारास वाहतूक विभागाने कर्मचाऱ्यांना खासगी मोबाइलवर फोटो काढू नका असं बजावलं. फोटो खासगी मोबाइलवर काढलाय हा मुद्दा घेता येतो, पण फोटोत गाडी तुमचीच आणि जागा चुकीचीच असेल तर तो तारणार नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर नाही आलं तर छापील प्रत घेऊन संबंधित विभागाच्या चौकीत, आणि तिथेही दाद नाही लागली तर वरळीच्या मुख्यालयात.

गाडी टो झाली किंवा जॅमर लागला तर हुज्जत घालू नका. मनाई असलेल्या जागेवरून गाडी उचलण्याची परवानगी कलम १२७ प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने द्यायची असते. टोइंगवाल्याबरोबर पोलीस होता का एवढं बघा, पावती घ्या आणि गाडीवर नवे ओरखडे असतील तर तिथेच फोटो काढा.

तक्रार फेटाळली तरी न्यायालय आहे. तिथे गुन्हा कबूल नाही असं सांगा आणि तेच कागद दाखवा. लोकअदालतीची नोटीस मात्र वेगळी. तिथे सूट मिळू शकते, पण ती तडजोड असते आणि तिच्यावर अपील नाही. खरी चूक असलेली जुनी चलनं तिथे न्या, खोटी नेऊ नका. 'सहा महिने झाले की चलन बाद' असं स्टँडवर छातीठोक सांगतात. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायची मुदत सहा महिने आहे हे खरं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ५१४. पण न्यायालय उशीर माफ करू शकतं आणि यादीतलं चलन आपोआप पुसलं जात नाही. मुद्दा न्यायालयात मांडावा लागतो.

चलन रद्द झाल्याचा संदेश आला की आठवड्याने यादी पुन्हा उघडा आणि स्क्रीनशॉट ठेवा. आमचा जुना छोटा हत्ती विकायला काढला तेव्हा रद्द झालेलं एक चलन तसंच थकीत दिसत होतं, आणि गिऱ्हाईक समोर बसून चहा पीत होतं.