पेजिंगच्या कामात नवीन आहात? आधी लेव्हल बघा, मग ओहम

ईपीएबीएक्सवरून (ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजवरून) पेजिंग, म्हणजे भोंग्यांवर अनाउन्समेंट करायची सोय, जोडायचं काम आलं की नवीन मुलं आधी विचारतात, "600 ओहम मॅच कसं करायचं?" माझा अनुभव असा की आवाज फाटतो किंवा पोचतच नाही, त्यातल्या बहुतेक तक्रारी लेव्हलच्या, म्हणजे सिग्नलच्या व्होल्टेजच्या, निघतात.

जोडणीआधी मीटर डीसी व्होल्ट रेंजवर ठेवून एक्सचेंजचा पोर्ट तपासा. शून्याच्या आसपास रीडिंग आलं तर तो बहुधा खरा पेजिंग पोर्ट. 48 व्होल्ट (छोट्या एक्सचेंजमध्ये 24 सुद्धा) दिसले तर ती साधी एक्स्टेन्शन (फोनची लाइन) आहे. रिंग आली की तिच्यावर 75 व्होल्टच्या आसपास एसीही चढतो. अशी जोडी थेट अॅम्प्लिफायरला लावाल तर इनपुट जाईल. तिथे कॉल आपोआप उचलणारा पेजिंग अॅडॉप्टर लागतो.

आता लेव्हल. 600 ओहमवर 1 मिलिवॉट म्हणजे 0.775 व्होल्ट, त्यालाच 0 डीबीएम म्हणतात. पेजिंग पोर्टचा सिग्नल साधारण याच घरातला. माइक इनपुटला मात्र दोन-चार मिलिव्होल्टच पुरतात. म्हणजे फरक जवळपास 50 डेसिबलचा. पेजिंग पोर्टची लाइन माइकच्या सॉकेटमध्ये घातली की आवाज फाटतो, मग माणूस गेनचा नॉब शून्याजवळ आणतो, तरी फाटतोच, कारण ओव्हरलोड नॉबच्या आधीच्या स्टेजमध्ये झालेला असतो. अॅम्प्लिफायरला ऑक्स इनपुट (मोठ्या लेव्हलच्या सिग्नलसाठीचा) असेल तर तोच घ्या. नसेल तर 10 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि 33 ओहमचा माइक इनपुटवर आडवा (पॅरलल) लावा; 0.775 व्होल्टचे अडीच मिलिव्होल्ट होतात. दोन रेझिस्टरची किंमत काही रुपये, पण साइटवर परत जायची वेळ येत नाही.

600 ओहमचं म्हणाल तर ती जुन्या लांबच लांब टेलिफोन लाइनची पद्धत, तिथे पॉवर पूर्ण पोचवायची असे. तुमची वायर आहे दहा-पंधरा फुटांची आणि ऑक्सचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) 10 किलोओहम. असं जोडल्यावर व्होल्टेज मॅच केलेल्या लोडपेक्षा जवळजवळ दुप्पट मिळतं, म्हणजे 6 डेसिबल जास्त. मॅन्युअलमध्ये टर्मिनेशन (पोर्टवर 600 ओहमचा लोड) हवंच असं लिहिलं असेल तर 620 ओहमचा एक रेझिस्टर पोर्टवर लावा.

ओहमचा हिशेब खरा लागतो तो भोंग्यांच्या बाजूला. समजा अॅम्प्लिफायर 60 वॉटचा, 100 व्होल्ट लाइनचा (पूर्ण पॉवरला आउटपुट 100 व्होल्ट). त्याला किमान 100 × 100 ÷ 60, म्हणजे 167 ओहमचा लोड चालतो. बारा भोंगे 10 वॉटच्या टॅपवर (भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरवर वॉट निवडायच्या जोडणीवर) लावले की बेरीज 120 वॉट आणि लोड 83 ओहम. अॅम्प्लिफायर तापतो, प्रोटेक्शनला जातो किंवा जळतो. त्यापेक्षा पॅसेजमधले दहा 2.5 वॉटवर आणि मशीनजवळचे दोन 10 वॉटवर ठेवा. बेरीज 45 होते आणि थोडी जागाही उरते. ही बेरीज कागदावर करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी कोणीतरी तेरावा भोंगा लावायला येतोच. लोड मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका; तो फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो आणि चांगली लाइनही शॉर्ट वाटते. त्यासाठी 1 किलोहर्ट्झवर मोजणारा इम्पीडन्स मीटर हवा.

हमिंग येत असेल तर शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) कापून बघण्याआधी एक्सचेंज आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये 600:600 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. दोन वेगळ्या अर्थिंगमुळे येणारी 50 हर्ट्झची गुणगुण बहुधा तिथेच थांबते. अॅम्प्लिफायरचं अर्थिंग मात्र कधीही काढू नका.

शेवटचं सेटिंग मशीन चालू असताना करा, आणि बोलायला ज्या रिसेप्शनिस्टला रोज अनाउन्समेंट करायची आहे तिलाच सांगा. टेक्निशियन ओरडून "हॅलो, चेक" म्हणतो, ती हळू बोलते. नॉब तिच्या आवाजावर ठरवा.