कामात लक्ष लागत नाही? आधी या चुका तपासा

सगळ्यात पहिली चूक म्हणजे सगळं खापर फोनवर फोडणं, आणि ही मी स्वतः दोनेक वर्षं केलीय. पुण्यात वाकडला घरून कोडिंगचं काम करायचो तेव्हा फोन चक्क किचनमध्ये साखरेच्या डब्यामागे लपवायचो, बायको वैतागून म्हणायची, चहा करायला गेलं की आधी तुझा फोन हाताला लागतो. बरं त्याने काय झालं, तर लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर उघडायला लागलो. तो ब्लॉक केला तर जिरावर, म्हणजे टीमची कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर, जाऊन दुसऱ्यांची तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, वाचत बसायला लागलो. जिरा! म्हणजे माणूस किती टेकीला आला असेल बघा.

मग एक आठवडा एक साधी गोष्ट केली. हात फोनकडे गेला की वहीत लिहायचं, आत्ता काय करत होतो. शुक्रवारी वही उघडली तर दिसलं की टेस्ट केसेस लिहिताना किंवा सरळसरळ बग फिक्स करताना तास तास फोनची आठवणसुद्धा आली नव्हती. जवळपास सगळ्या नोंदी एकाच तिकिटावरच्या होत्या, त्यात लिहिलेलं काय तर "पेमेंट फेल झाल्यास हँडल करणे". बास. म्हणजे नक्की काय करायचं ते मलाच कळलेलं नव्हतं, आणि ते कळलेलं नाहीये हे कबूल करायच्या ऐवजी मी रील्स बघत होतो.

तेव्हा लक्ष उडतंय असं वाटलं तर आधी हे तपासा की पुढची पायरी इतकी स्पष्ट आहे का की कुठली फाइल उघडायची ते सांगता येईल. नसेल तर ब्लॉकर ॲप टाकून काही होणार नाही. आणि गंमत म्हणजे बरेचदा ती पुढची पायरी कोडमध्ये नसतेच, ती असते बीएला, म्हणजे काम नक्की काय हवंय ते ठरवणाऱ्या बिझनेस ॲनालिस्टला, जाऊन विचारणं की बाबा टाइमआउट आला, म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, तर रिट्राय करायचा की नाही आणि केला तर पैसे दोनदा कापले जाणार नाहीत ना. आपल्याला ते विचारायचं जिवावर येतं, त्यात दहा वर्षांचा अनुभव असेल तर अजूनच, कारण सिनियर माणसाने असं विचारायचं कसं. माझं तिकीट तीन दिवस पडून होतं, प्रश्न विचारल्यावर चार तासांत झालं.

दुसरी चूक, हिरव्या टिकलीची गुलामी. टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅट ॲपवर, पाच मिनिटं माउस नाही हलला की नावापुढची हिरवी टिकली पिवळी होते, म्हणून लोक माउसखाली काट्यांचं घड्याळ ठेवतात, काट्याने कर्सर हलत राहतो. माझा एक मित्र करायचा हे, त्याच्या हुशारीला तोड नाही पण मला म्हणायचंय की ही वेळ का यावी? कागदावर विचार करणं हेही कामच आहे की. आणि पिंग आला की दोन मिनिटांत उत्तर द्यायची सवय तर भयंकर, कारण ती फळते. ग्लोरिया मार्क या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रयोग केला होता, त्यात मध्येमध्ये व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण आणि चिडचिड जास्त होती. म्हणून तर मॅनेजरला काही खटकत नाही, काम तर होतंय ना, चिडचिड घरी जाते.

यावर उपाय म्हणून मी स्टेटसमध्ये पुणेरी पाटी लावलीय. "११ ते १ कोडिंग. तातडीचं असल्यास फोन करावा. नुसतं हाय लिहून थांबू नये." पहिल्या दिवशी ग्रुपवर टिंगल झाली, दुसऱ्या आठवड्यात दोघांनी कॉपी केली. फोन किती आले? महिन्यात दोन.

आता पोमोडोरो. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर हे सुरू केलं, २५ मिनिटं काम आणि मग ब्रेक. टाइमशीट, कंप्लायन्सचं ट्रेनिंग असल्या रटाळ कामांना झकास आहे. डीबगिंगला नाही, तिथे डोक्यात सगळं जुळून यायलाच वीस मिनिटं जातात आणि जुळलं की घंटा वाजते. २५ हा काही मुहूर्त नाहीये, सोडून द्या.

त्यापेक्षा उठताना खूण ठेवायला शिका. सोफी लेरॉय यांचा २००९ चा अभ्यास आहे, काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा थोडा भाग मागेच रेंगाळतो. टपरीवर चहा-क्रीमरोलला जायच्या आधी मी कोडमध्येच एक ओळ लिहून जातो, इथपर्यंत झालंय, आता नल चेक बघ. परत आल्यावर शोधाशोध नाही. फक्त कोड कमिट, म्हणजे पक्का जतन, करायच्या आधी ती ओळ काढा, माझी एकदा "इथे काहीतरी गंडलंय" तशीच रिव्ह्यूला गेली आणि न्यू जर्सीच्या साहेबांनी विचारलं, ही कुठली लायब्ररी?

शेवटची चूक थंडीतली. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तीच मीटिंग साडेआठला, थेट मार्चपर्यंत. आपला सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, मात्र दहालाच. म्हणजे दिवस एक तासाने लांबतो आणि डिसेंबरात आपण म्हणतो हल्ली लक्षच लागत नाही. त्यात हिंजवडी फेज थ्रीहून निघून भूमकर चौकात कॅबमध्ये म्युटवर कॉल घेत असाल तर बोलायलाच नको. (नाइट सपोर्टवाल्यांनो, तुमची गोष्टच वेगळी, तुम्हाला यातलं निम्मं लागू नाही.) आधी मी चार हिवाळे मुकाट काढले, गेल्या ऑक्टोबरात मात्र क्लायंटला मेल टाकला की मीटिंग तासभर आधी घेता येईल का. उत्तर लगेच आलं. भारतात घड्याळं बदलत नाहीत हे त्यांना माहीतच नव्हतं.